सांगलीकर उणे मिरजकर

स्मृतिगाळणीच्या पडद्यावर आधी उमटली ती साडीची किनार. मग टेबल, टेबलावरची प्लास्टिकची फुलदाणी, मग दोन हात आणि हातांत एक कागद. चेहरा सर्वांत शेवटी आला. चोवीस वर्षांच्या कुंदा आरवाडेने समोर पाहिलं, "सहकारमहर्षी तात्यासाहेब चिंचणीकर यांचं आज दुपारी दुःखद निधन झालं," असं सांगितलं आणि ती हसली.

गालातल्या गालात नव्हे. चांगली दात दिसतील अशी.

"बंद करा ते," एक्क्याऐंशी वर्षांच्या कुंदाताई आरवाडे म्हणाल्या.

डॉ. नसरीन मुजावर यांनी चित्र थांबवलं. ते नेमकं दातांवरच थांबलं.

लोकप्रसारण मंडळाच्या सांगली केंद्रातली ही प्रयोगशाळा म्हणजे पूर्वीचं कँटीन. यंत्रं आली, गार हवा आली, पण कुंदाताईंना अजून भिंतींना बटाटेवड्याच्या तेलाचा वास येत होता. दोन हजार त्रेचाळीस साल असलं म्हणून तेलाला त्याचं काही नसतं.

मंडळाची 'पुनर्भेट' सेवा सुरू होऊन दोन वर्षं झाली होती. राहून गेलेला कार्यक्रम मागाहून पाहा, हवा तेव्हा पाहा, फुकट पाहा. नव्या कार्यक्रमांच्या बाबतीत हे सोपं होतं. पण नवे कार्यक्रम कुणाला पाहायचेच नव्हते. लोकांना हवे होते लहानपणचे, आणि ते मंडळाकडे नव्हते. त्या काळी टेपा महाग. कीर्तनावर कुस्ती, कुस्तीवर युरिया कसा टाकावा, असं एकावर एक चढत गेलेलं. हे कुंदाताईंना कुणी सांगायला नको होतं. शोकवार्ता देताना हसल्याबद्दल त्यांना निवेदनावरून काढून टेपभांडारात बसवलं होतं, आणि पुढची चौतीस वर्षं टेपा पुसायचं काम त्यांनीच केलं होतं. मन लावून केलं होतं.

मग डॉ. नसरीन यांनी गाळणी शोधली. टेप पुसली गेली तरी पाहणाऱ्यांची डोकी शिल्लक होती. पासष्टीच्या पुढच्या लोकांनी वॉर्ड ऑफिसात यायचं, अर्धा तास स्मृतिटोप घालून बसायचं आणि जाताना चहा अन् भडंगाचा पुडा घ्यायचा. भडंगासाठी काहीजण तीन-तीनदा आठवून गेले.

"एक विचारू का?" कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाळासाहेब ऐनापुरे म्हणाले. ते केंद्राचे निवृत्त अभियंता, वय चौऱ्याऐंशी. तांत्रिक साक्षीदार म्हणून त्यांना बोलावलं होतं, आणि सकाळपासून कुणी त्यांना काही विचारलं नव्हतं. "चार हजार म्हाताऱ्यांच्या डोक्यातनं एक चित्र काढता तुम्ही. आमच्यातल्या एकाच्या तरी डोक्यात ते धड असतंय का?"

"नसतं ना. म्हणूनच चार हजार लागतात," नसरीन म्हणाल्या. "एकाला साडी हिरवी आठवते, एकाला निळी. एकाच्या आठवणीत मधेच कुकरची शिट्टी, दुसरीच्यात रडणारं पोर. पण चुका प्रत्येकाच्या निरनिराळ्या. सगळ्या एकत्र केल्या की त्या एकमेकींना मारतात. जे सगळ्यांत सारखं असतं तेवढं उरतं. दोनशेच्या खाली डोकी असली तर काही दिसत नाही. हजारांत फुलदाणीसुद्धा दिसते."

"म्हणजे खरखर खरखरीला खाते, आणि सिग्नल राहतो."

"बरोबर."

"आणि सगळ्यांची चूक एकच असली तर?"

नसरीन यांनी चष्मा काढून पुसला. "तर गाळणीच्या हिशेबी तोच कार्यक्रम."

कुंदाताई एवढा वेळ पडद्यावरचे आपले दात बघत होत्या. "मी हसले नव्हते," त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्या सत्तावन्न वर्षं म्हणत आल्या होत्या. चौकशी समितीसमोर म्हणाल्या, सासरी म्हणाल्या, भाजीवालीला म्हणाल्या. समितीपुढे तीनशे सतरा तक्रारी होत्या. कॅमेरामन म्हणाला, मी फोकस बघत होतो, चेहरा नाही. ध्वनिमुद्रक म्हणाला, माझं लक्ष आवाजाच्या काट्यावर होतं. निवेदन थेट असल्यामुळे टेप नव्हती. आणि कामाच्या लॉगबुकात त्या वेळेसमोर 'व्यवस्थित' एवढाच शेरा होता. तेव्हापासून गावात त्या हसऱ्या बाई. पुढे नवरा गेला, तेव्हा भेटायला आलेले लोक आधी त्यांच्या तोंडाकडे बघायचे आणि मग हाराकडे.

"ताई, मला तुमचं पटतं," नसरीन म्हणाल्या. "पण पटून भागत नाही. रविवारी संध्याकाळी आठला हे सेवेवर जाणार."

"जाऊ दे की. एवढी वर्षं डोक्यात होतंच लोकांच्या. आता डोळ्यांपुढं येईल."

"तेवढंच असतं तर गोष्ट वेगळी होती. आठवण फडताळात ठेवलेल्या भांड्यासारखी नसते. ती दरवेळी कणकेसारखी नव्यानं मळली जाते, आणि त्या वेळी समोर जे असेल ते तिच्यात मिसळतं. रविवारी लाखभर लोकांनी हे पाहिलं, की त्यांच्या डोक्यात हेच मूळ होऊन बसेल. त्याखाली खरं काही शिल्लक असलं तर ते कायमचं जाईल. मग मीसुद्धा काढू शकणार नाही."

"किती दिवस राहिले?"

"चार."

एवढ्यात केंद्रसंचालक दिगंबर हुल्याळकर आत आले. हे गृहस्थ बोलताना परिपत्रक वाचल्यासारखे बोलत आणि परिपत्रक वाचताना बोलल्यासारखे वाचत, त्यामुळे ते केव्हा काय करताहेत हे कळत नसे. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "उत्तम. सुस्पष्ट आहे. शहरातल्या एकशे वीस बसगाड्यांवर जाहिरात लागलेली आहे, 'ती हसली तो क्षण'. श्रीमती आरवाडे, आपल्या सहकार्याबद्दल मंडळ आभारी आहे."

"मी सहकार्य केलेलं नाही."

"तशी नोंद घेण्यात येईल," असं म्हणून ते गेले.

नसरीन यांनी मग एक साधी गोष्ट केली. चार हजार डोकी गावांप्रमाणे वेगळी केली. सांगलीची पंचवीसशे, मिरजेची पंधराशे. सांगलीकरांचं चित्र पुन्हा गाळलं. कुंदा हसली, पण जरा पुसट, पाण्यातून पाहिल्यासारखी. मिरजकरांचं गाळलं, तर काय! पदराची पिनसुद्धा मोजून घ्यावी. आणि हसणं असं, की दाढेत चांदी भरलेली दिसावी.

"माझ्या दाढेत चांदी नव्हती," कुंदाताई म्हणाल्या.

"मिरजकरांची स्मरणशक्ती पहिल्यापासून चांगली," नसरीन म्हणाल्या. त्या मिरजेच्या होत्या.

"चांगली?" ऐनापुरे सांगलीचे होते. "रस्ता विचारला तर चुकीचा सांगतील, पण खात्रीनं सांगतील."

"सर, निदान रस्ते तरी आहेत आमच्याकडं."

"थांबा जरा," कुंदाताई पडद्याजवळ गेल्या. "हा उजेड कसला?"

खरंच, मिरजेच्या चित्रात कुंदाच्या डाव्या गालावर पिवळा, हलता उजेड पडला होता. स्टुडिओत पाच हजार वॅटचे दिवे वरून पेटत. त्यांच्याखाली माणूस भाजून निघे, पण सावली हलत नसे. हा उजेड मात्र खालून येत होता आणि मधूनच भडकत होता.

"कंदील आहे तो," कुंदाताई म्हणाल्या. "काजळी धरलेला."

"स्टुडिओत कंदील?"

"स्टुडिओत कशाला? आठवण खोलीसकट येते, तूच म्हणालीस ना. कुकर, पोर."

नसरीन खुर्चीत बसल्या. "येते. पण प्रत्येकाची खोली वेगळी, म्हणून खोल्या गाळून जातात. कंदील गाळला गेला नाही, म्हणजे..." त्या थांबल्या. "म्हणजे त्या संध्याकाळी पंधराशे मिरजकर कंदिलाच्या उजेडात बसले होते. अख्ख्या गावात वीज नव्हती."

"आणि वीज नसताना टीव्ही बघितला?"

"नाही बघितला. एकानंही नाही." नसरीन पडद्याकडे अविश्वासानं बघत होत्या. आपल्या गावाच्या बाजूनं त्यांनी थोडा विचार करून पाहिला, पण काही सापडेना. "दुसऱ्या दिवशी ऐकलं असणार. ऐकलं, आणि आदल्या संध्याकाळच्या अंधारात नेऊन बसवलं. त्यांचं चित्र इतकं स्वच्छ आहे ते याचमुळं. ज्यांनी काहीच पाहिलेलं नाही, त्यांच्या आड यायला काहीच नव्हतं."

पहिली तक्रार कुठून आली होती हे कुंदाताईंना तोंडपाठ होतं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरातलं पत्र, मथळा 'शोकवार्ता की विनोद?', आणि खाली सही, 'एक जागरूक नागरिक, मिरज'. तात्यासाहेब गेल्याचं दुपारीच कळलेलं, ही बाई रोजच हसते, तेव्हा बातमी देतानाही हसलीच असेल, अशा हिशेबानं त्यानं ते लिहिलं असावं. अंधारात दुसरा उद्योग नसतो.

"चला, मिरज गेली," कुंदाताई म्हणाल्या. "पण सांगलीत वीज होती. सांगलीकरांनी तर पाहिलंय मला."

यावर ऐनापुरे काहीतरी पुटपुटले. दोघींनी वळून पाहिलं. म्हातारबुवांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मिरजेत वीज नव्हती," ते हळूच म्हणाले. "मग मधलं यंत्र बंद पडलं असणार."

"कुठलं मधलं यंत्र?"

"स्टुडिओ सांगलीत. मनोरा दंडोबाच्या डोंगरावर. मधे मिरजेत एका इमारतीच्या गच्चीवर आमचं यंत्र होतं. इथलं चित्र उचलायचं, डोंगराकडं फेकायचं. मिरजेची वीज गेली की ते झोपायचं. मग डोंगराला इकडचं काही मिळायचं नाही, आणि तो आपोआप..." ते थांबले.

"आपोआप काय, सर?"

"आपोआप पाटी लावायचा."

मग नसरीन यांनी यंत्राकडे वळून सांगलीकरांच्या आठवणींतून मिरजकरांच्या आठवणी वजा केल्या. दोघांच्याही आठवणीत जे ऐकीव होतं ते गेलं. फक्त सांगलीकरांनी डोळ्यांनी पाहिलेलं तेवढं राहणार होतं. पडद्यावर साडीची किनार विरघळली, फुलदाणी गेली, दात गेले. करड्या पार्श्वभूमीवर ठळक अक्षरं उमटली आणि मागे सतारीचा एक तुकडा वाजू लागला.

व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत.

कुंदाताई कितीतरी वेळ पाटी वाचत होत्या. तीन शब्द, पण त्यांना संपेनात. स्टुडिओतला लाल दिवा त्यांना पक्का आठवत होता. हातातला कागद आठवत होता. आपण वाचलं, समोर पाहिलं, मान खाली घातली. आणि हे सगळं एका कॅमेऱ्यापुढे, ज्याच्या पलीकडे कुणीच नव्हतं.

"मग मी एवढी वर्षं भांडत कुणाशी होते?" त्यांनी विचारलं आणि त्या ऐनापुऱ्यांकडे वळल्या. "बाळासाहेब, त्या दिवशी ड्यूटीवर तुम्ही होता. डोंगरावरून फोन आला असेल ना?"

"आला होता. दुवा तुटलाय म्हणून."

"मग लॉगबुकात 'व्यवस्थित' कसं?"

ऐनापुरे अडखळत बोलले. "लॉग आम्ही दुपारी तीनलाच भरायचो. सगळेच भरायचे. संध्याकाळी शेवटची बस चुकायची नाहीतर."

"आणि चौकशी लागली तेव्हा? तुम्हाला विचारलं होतं त्यांनी!"

"विचारलं की. मी लॉग उघडून बघितला. त्यात 'व्यवस्थित' लिहिलेलं. मला वाटलं, फोन दुसऱ्या कुठल्या दिवशी आला असेल. लेखी होतं ना ते."

"पण लिहिलं कुणी होतं?"

"मीच," ऐनापुरे म्हणाले. "अक्षर माझंच होतं. म्हणून तर विश्वास बसला."

कुंदाताईंना राग यायला हवा होता. त्यांनी तो थोडा वेळ शोधलाही. पण समोर एक चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस रुमालानं डोळे टिपत होता, आणि पडद्यावर सतार वाजत होती. अशा वातावरणात राग धरता येत नाही.

संचालकांना हे समजावायला दोन दिवस लागले. समजल्यावर त्यांना सत्य अमान्य नव्हतं, फक्त बसगाड्यांचं काय करायचं एवढाच प्रश्न होता. शेवटी कुंदाताईंनी सांगितलं, "मी न हसलेली क्लिप दाखवा असं म्हणत नाही मी. ती नाहीच. लोकांनी जे पाहिलं तेच दाखवा." मंडळाचं ब्रीदवाक्य नेमकं हेच असल्यामुळे हुल्याळकरांचा नाइलाज झाला.

रविवारी आठला एक लाख चाळीस हजार लोकांनी 'पुनर्भेट' उघडली. त्यांना पाटी दिसली. चाळीस सेकंद. संपल्यावर मागे नेऊन पुन्हा पाहिली, तरी पाटीच. साडेआठपर्यंत अकरा हजार तक्रारी आल्या. निम्म्या सेवा बंद पडल्याच्या होत्या. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, मंडळानं हसण्याची क्लिप दाबली. एका सद्गृहस्थांनी लिहिलं, 'तो क्षण मी स्वतः डोळ्यांनी पाहिला आहे.' पत्ता मिरजेचा होता.

"हे वाढत चाललंय," नसरीन म्हणाल्या. "दाबली म्हटल्यावर लोक आणखी घट्ट आठवतील. ताई, आता कुणीतरी समोर येऊन सांगायला हवं."

"कुणीतरी म्हणजे मी."

"तुमच्याशिवाय कोण?"

अशा रीतीनं सत्तावन्न वर्षांनी कुंदाताई आरवाडे पुन्हा त्या केंद्रात निवेदनाला बसल्या. साडी त्यांची स्वतःची होती. फुलदाणी कुणीतरी मुद्दाम शोधून आणली होती, पण तिच्यातली फुलं खरी होती आणि ती माना टाकत होती. हुल्याळकरांनी स्वतः मजकूर तयार केला होता. कुंदाताईंनी तो चाळायला मागितला तेव्हा लाल दिवा लागायला अर्धं मिनिट उरलं होतं.

"गंभीरपणे वाचा," कॅमेऱ्यामागून नसरीन म्हणाल्या. "ताई, आज खरंच सगळे बघतायत. जे बघतील तेच राहणार."

"मला गंभीर राहायची सवय आहे," कुंदाताई म्हणाल्या. "सत्तावन्न वर्षं तेच केलंय."

लाल दिवा लागला.

"नमस्कार. एक दुरुस्ती," कुंदाताईंनी सुरुवात केली. आवाज तोच होता, जरा कोरडा झालेला. "सन एकोणीसशे शहाऐंशीमध्ये या केंद्राच्या निवेदिका श्रीमती कुंदा आरवाडे या शोकवार्ता देताना हसल्या अथवा न हसल्या, याविषयी प्रेक्षकांनी काहीही पाहिलेले नाही, याची प्रेक्षकांनी कृपया नोंद घ्यावी."

इथे ओठाचा एक कोपरा हलला. त्यांनी तो आवरला. कागद उलटला.

"उपरोक्त व्यत्ययामुळे सदर शोकवार्ता प्रसारित होऊ शकली नव्हती, असे आता निदर्शनास आले आहे. सबब ती आज प्रसारित करण्यात येत आहे. कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सहकारमहर्षी तात्यासाहेब चिंचणीकर यांचे आज दुपारी..."

त्या थांबल्या. पुढचे शब्द पाहिले. 'आज दुपारी' पुन्हा एकदा पाहिलं. काचेपलीकडे हुल्याळकर अत्यंत गंभीर चेहऱ्यानं मान खाली घालून, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहण्याच्या तयारीत होते. त्यांच्या शेजारी ऐनापुरे सवयीनं टोपी काढून उभे राहिले होते.

कुंदाताई हसल्या. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळ्याच. हातातला कागद टेबलावर पडला. त्यांनी पदराचा बोळा तोंडाला लावला, तर तो बोळाही हसायला लागला. डोळ्यांतून पाणी वाहिलं, चष्मा घसरला, आणि त्या टेबलावर तळहात आपटत राहिल्या. एक लाख नव्वद हजार लोक पाहत होते. मिरजेत त्या दिवशी वीज होती.

दोन आठवड्यांनी नसरीन त्यांच्या घरी गेल्या. कुंदाताईंनी दार उघडलं ते हसतच. हल्ली भाजीवालीही त्यांना बघून हसायची आणि त्याही हसायच्या. त्यात पूर्वीचं काही बोचायचं नाही.

"हुल्याळकर सरांना फाइल बंद करायचीय," चहा झाल्यावर नसरीन म्हणाल्या. "गाळणी आता निरुपयोगी झाली. कुणाच्याही डोक्यातून तो दिवस काढायला गेलं की हसण्याखेरीज काही मिळत नाही. सांगलीकर-मिरजकर सगळे एकच झालेत, वजा करायला काही उरलं नाही. ऐनापुरे सर बाहेर यंत्रांपाशी होते, पण स्टुडिओच्या आत त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी तुम्ही एकट्याच राहिलात. प्रत्यक्षदर्शीचा जबाब म्हणून दोन ओळी हव्यात. त्या दिवशी काय झालं, एवढंच. मला माहीतच आहे म्हणा, तरी तुमच्या तोंडून."

नसरीन यांनी 'मी हसले नव्हते' हे आधीच अर्धं लिहून ठेवलं होतं.

कुंदाताईंनी डोळे मिटले. लाल दिवा दिसला. टेबल दिसलं, फुलदाणी दिसली. कागद हातात होता, त्यावर तात्यासाहेबांचं नाव होतं.

"अगं," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, "हसले होते मी."

नसरीन यांचा पेन थांबला. "काय म्हणता, ताई?"

"खरंच हसले होते. अगदी स्वच्छ दिसतंय. कागद खाली पडला, पदर तोंडाला लावला, तरी थांबेना. बाई गं, एवढी वर्षं मी लोकांना खोटं पाडत होते की काय! बिचारे." त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं, आणि फारसं वाईट वाटत नव्हतं. "लिही तसं. हसल्या म्हणून लिही."

नसरीन यांनी काही लिहिलं नाही. त्यांनी पेन हळूच टेबलावर ठेवला.

"ताई, डोळे उघडू नका. तशाच बघत राहा. स्वतःकडे बघा जरा."

"बघतेय."

"केस कसे दिसतायत?"

कुंदाताईंच्या चेहऱ्यावरचं हसू होतं तसंच राहिलं, फक्त त्याला आता कुठे जायचं ते कळेना.

"पांढरे," त्या म्हणाल्या.